निजेची मजुरी

धुळ्याला कॉलेजच्या मागच्या इमारतीत एक खोली होती.
एकच काच, आणि काचेच्या अलीकडे मी.
आत कॉट, पाण्याचा तांब्या, पंपाची बारीक घरघर.
आतला माणूस श्वास सोडी, नळी तो बाहेर आणी,
मी वहीत उतरवून घेई : दोन वाजता, दोन-दहाला, दोन-वीसला,
किती जळलं.
नोकरीच तशी. दुसऱ्याच्या झोपेवर जागायचं.

उखा सोनवणे, वय एकेचाळीस, जळगावच्या डाळमिलीत हमाल.
पोतं पाठीवर असं घेई म्हणे,
जसं रुसलेलं पोर उचलावं.
पहिल्या संध्याकाळी दारातूनच वाकून म्हणाला,
"आठे नुसतं निजानं? आन पैसा तुम्ही देशात?"

पहिले पंधरा दिवस भात, साबुदाणा, बटाटा, तेल, साखर.
प्रथिनं चिमटीत मावतील एवढी.
ताट भरलेलं, पोट भरलेलं,
बाहेर मे महिना, अख्खं शहर गच्चीवर,
आत चोवीस अंशांचा गारवा,
आणि हा कूस बदलतोय. काचेकडे पाठ, काचेकडे तोंड.
तीनला उठून बसे, हात मांड्यांवर,
स्टँडवर शिरपूरची शेवटची गाडी चुकल्यासारखा.
सकाळी म्हणे, "पोट भरेल व्हतं. पन आंग रिकामं."
असा रकाना वहीत नव्हता.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.

मग ताट बदललं.
उडदाची डाळ, अंडी, दही, मठाची उसळ,
आणि कळण्याची भाकरी.
ज्वारी किती, उडीद किती, तेही काट्यावर.
माझी आई हे मुठीनं करी
आणि तिची मूठ काट्याला फारशी लाजवत नसे.

तिसऱ्या रात्री तो हललाच नाही.
मी दोनदा काचेला कपाळ लावून पाहिलं,
छाती वरखाली होत होती, एवढंच.
आकडा मात्र चढलेला.
बंद मिलच्या फाटकाआड
पट्टा कुणी चालूच ठेवून गेलंय, असा.
वानखेडेबाई म्हणाल्या, डाळ पचवायला शरीर जास्त खर्चतं,
निजलेलं असलं तरी.
आणि लगेच म्हणाल्या, एका माणसावरून काही ठरत नाही,
अजून तेवीस जण यायचेत.

सकाळी मी उखाला सांगितलं.
तो चहा ढवळत राहिला, साखर विरघळून गेल्यावरही.
"मंग मी निजेल व्हतू, तवय बी काम करत व्हतू?"
हो.
"मंग त्यानी मजुरी कोन दी?"

मी हसले. तो हसला नाही.
दिवसभर तूर त्याच्या पाठीवरून
कुठल्या कुठल्या गावांना जाते,
भुवयांत पिवळी धूळ, कानात पिवळी धूळ,
आंघोळीचं पहिलं पाणी वरणासारखं.
"घरी डाळ खाता?" या प्रश्नापुढे
'हो' आणि 'नाही' एवढंच छापलेलं.
'हो'वर खूण केली त्यानं, मग म्हणाला,
"तिसऱ्यांदा पानी टाकेल ऱ्हास, ते बी लिखी ल्या."

शेवटच्या दिवशी सही केली, पाकीट मोजलं,
मला नमस्कार, काचेलाही.
जळगाव गाडीत खिडकीशी बसला
आणि गाडी हलायच्या आधीच मान कलली.
पारोळा येईपर्यंत तरी
त्याची झोप त्याचीच असणार,
नळी नाही, वही नाही.

मी देवपूरला घरी आले. पडदा ओढला.
झोप आली नाही, ती कधीच वेळेवर येत नाही,
तिच्यासाठी कुणी रकाना आखलेला नाही.
उठले. डब्यातून उडीद काढले, एक मूठ.
काटा ओट्यावरच होता.
त्याच्याकडे न बघता
आणखी अर्धी मूठ घातली.