पुकारा

इंदूर जिल्हा न्यायालय, कोर्ट नंबर अकरा.
एकवीस वर्षं दारात उभं राहून
मी नावं पुकारतो.
फाइलवर असतात तशीच, बापाच्या नावासकट,
तीनदा.
आधी श्रीमान नाही, मागे जी नाही.
बोकड चोरल्याचा आरोपी आणि बँक बुडवल्याचा आरोपी
माझ्या घशात एकाच पट्टीत लागतात.

सोमवारी रात्री, सुदामानगरात, घरी,
टीव्हीवर सहा खिडक्या, सहा माणसं,
प्रत्येकाच्या तोंडात निकाल.
तिच्या दिवाणखान्याचं चित्र, त्यावर लाल बाण.
बायको म्हणाली, "डोळेच सांगतात हो."
मी डोळे बघितले.
मालिकेत रडताना असायचे तेच होते.
डोळ्यांवर अजून कुणी प्रदर्शाचा शिक्का मारलेला नाही,
असं म्हणालो,
तर मुलानं आवाज वाढवला.

मंगळवारी फाटकापासून रीगलपर्यंत
डोक्यावर थाळ्या घेतलेल्या गाड्या.
वायरीत पाय अडकून नोटरी डोंगरे पडले,
त्यांचे शिक्के गटारात.
एका पोरीनं माइक माझ्या तोंडाशी धरला :
"आज सजा होणार ना, भिया?"
म्हटलं, बाई, आज फक्त आरोप वाचून दाखवायचेत.
तिनं माइक काढून घेतला.
एवढ्या उत्तरावर तिची चूल पेटणार नव्हती.

अकरा चाळीसला रीडरनं फाइल वर घेतली.
सगळा व्हरांडा श्वास धरून
'तारिणी'ची वाट बघत होता.
मी कागदावरचं वाचलं :
कुसुम पिता भागवत नाईकनवरे
हाजिर हो.

कुणी वळलं नाही.
कॅमेरे जिन्याकडे तोंड करून तसेच.
"आधी कुणाचं तरी बारीकसं प्रकरण आहे," एकजण म्हणाला,
आणि कचोरीचा घास घेतला.
वकिलांनी तिला मागून, रेकॉर्ड रूमच्या बाजूनं
आणून बसवलं होतं.
भिंतीशी टेकलेली ओढणीवाली बाई उठली
आणि बाकापासून दारापर्यंत
नऊ पावलं चालली.
मी मोजली.
चपलेचा पट्टा तुटलेला, तो ओढत.
त्या नऊ पावलांत ती कुणीच नव्हती,
ना खुनी, ना बिचारी.
जिचं म्हणणं अजून ऐकायचंय
अशी एक बाई.

दहाव्या पावलाला कुणीतरी ओरडलं.
पुढचं तुम्ही पाहिलंच असेल.
मी नाही पाहिलं, माझी टोपी पडली होती,
ती शोधत होतो पायांच्या रानात.

तिनं केलं की नाही?
मला ठाऊक नाही.
साहेबांनाही अजून ठाऊक नव्हतं,
ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, बरं वाटलं.
पण खिडकीतून घोषणा आत येत होत्या
आणि त्यांनी पाण्याचा पेला
दोनदा उचलला,
दोनदा न पिता ठेवला.

गर्दी ओसरली तेव्हा साडेचार.
फळ्यावरची बाकीची प्रकरणं
न वाचताच पुढच्या महिन्यात गेलेली.
पायरीवर भेरूलाल पिता किशनलाल,
पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप,
देपालपूरहून पहाटेच्या बसनं आलेला,
विचारत होता, "माझं नाव झालं का, साहेब?"

मी दारात गेलो.
कोर्ट उठलं होतं, खुर्ची रिकामी,
नियमात बसत नाही.
तरी त्याचं नाव पुकारलं,
बापाच्या नावासकट,
तीनदा.