कुठे बसली

रत्नव्वा मगदूम, वय सव्वीस, मुक्काम हरिपूर.
हळदीच्या काहिलीपाशी उभी राहिली की
डोळ्यांपुढे फडकं धरल्यासारखं होतं
आणि दिवेलागणीला, वारं सुटलं की
पुन्हा सगळं लख्ख, शेजारणीच्या नथीसकट.
सासू म्हणाली, काम चुकवायचं सोंग.
मी म्हणाले, उद्या या.

तेव्हा सांगलीत डोक्याच्या आत बघायचं यंत्र नव्हतं.
माझ्याकडे रबरी हातोडी, कापूस, टाचणी
आणि गरम पाण्याची बादली.
पाय बुडवून बसवलं तिला, अंगावर घोंगडं.
विसाव्या मिनिटाला कॅलेंडरवरच्या तिथी पुसट झाल्या,
मग तारखा, मग भिंत.
घोंगडं काढलं, पंखा लावला,
तारखा एकेक करून परत आल्या.
मी इतकी हरखले
की तिचा चेहरा बघायचा राहिला.

मुंबईच्या सरांना पत्र टाकलं.
उत्तर आलं: हा आजार थंड मुलखांतला,
आपल्याकडे टीबी बघ, बी-ट्वेल्व्ह बघ.
बघितलं. दोन्ही नव्हतं.
वही केली. निळी शाई, ठसठशीत अक्षर.
त्या अक्षराचा मला गर्व होता.

एकतीस वर्षांत नऊ वह्या.
कवठ्याचे मास्तर, हातातला खडू न कळता सुटणारे;
तासगावची बेदाणा निवडणारी,
मान खाली घातली की पाठीतून वीज जायची तिच्या.
वायरीवरचं रबर उंदरानं कुरतडावं ना, तसं,
मी समजावायचे.
मग उंदीर कुठला, ते विचारायचे.
उंदीर घरचाच, आपल्याच रक्तातला राखणदार,
हे सांगायला मला कधी नीट शब्द सापडले नाहीत.

मग महापूर. गणपती पेठेतल्या दवाखान्यात
छातीइतकं पाणी, आठ दिवस.
वह्या निघाल्या दुधात भिजलेल्या पोळ्यांसारख्या.
गच्चीत दोरीला लावल्या.
परटानं एकेक पान इस्त्रीनं दाबून दिलं, पैसे घेतले नाहीत.
निळं सगळं गेलं होतं.
निदान, डोस, माझे तर्क,
दोनदा अधोरेखित केलेले निष्कर्ष.

आणि समासात, शिसपेन्सिलीतली,
दस्तगीरची बारीक गिचमिड. जशीच्या तशी.

दस्तगीर मुजावर. केसपेपर काढायचा, नंबर पुकारायचा.
शाईचं पेन खिशात गळतं म्हणून पेन्सिल.
मी रागवायचे, समासात लिहू नकोस.
तो हो म्हणायचा. आणि दारातच विचारायचा,
काय अक्का, आज वाटेत कुठं बसला?

रत्नव्वा. चालत आली. बसली नाही.
रत्नव्वा. मारुती चौकात एकदा.
बागेतल्या गणपतीपाशी, मग मारुती चौकात.
मोठ्या चिंचेखाली दोनदा. चिंच खाल्ली म्हणते.
दर चिंचेखाली.
रिक्षानं.
दिरानं उचलून.
आली नाही. गोळ्या भाऊ घेऊन गेला.

सत्तराव्या वर्षी मी हरिपूरचा रस्ता टेपानं मोजला.
दुसरं टोक दस्तगीरच्या नातवानं धरलं,
मधेमधे मोबाइल बघत.
चार पानांचा निबंध झाला, एकसष्ट रुग्ण,
खाली खाली येणारी एक रेघ.
परदेशातल्या परीक्षकांनी विचारलं,
चालण्याचं अंतर कोणत्या पद्धतीनं मोजलं?
मी लिहिलं, झाडांवरून.
त्यांतली बरीच अजून उभी आहेत.

एक नोंद तेवढी निबंधात नाही.
सहावी वही, मार्च, पान चिकटलेलं, वाफेवर सोडवलं:
रत्नव्वा. चिंचेखाली बसली,
रस्त्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड.
बरं वाटतं म्हणाली. उशिरा आली. रागवू नका.

हे कुठल्या रकान्यात घालायचं,
माझं अजून ठरत नाही.