चौथा प्रश्न भिजला

गुडनीबाई,
तुमचं पत्र पोचलं. पाच आठवडे लागले,
आणि शेवटच्या वीस मिनिटांत,
नाकासांगच्या धक्क्यापासून आमच्या बेटापर्यंत,
होडीत ते भिजलं.
चौथा प्रश्न पुरता विरघळलाय.
एक निळा डाग, आणि टोकाला प्रश्नचिन्ह.

बाकीच्यांची उत्तरं देते. क्रमाने नाही,
जशी सुचतील तशी. मी बोलतेय, मास्तर लिहितायत,
वीज दुपारपासून गेलीय.

स्वेटर आणू नका. एकही नाही.
तुमच्या वार्दोच्या बंदरावर ऑगस्टातही
लोकरी टोपी लागते, हे मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, मग मासे काय घालतात?

दिवसभर पडतो का? नाही.
सकाळी ऊन असतं,
कपडे वाळत घालण्याइतकं,
वाळण्याइतकं नाही.
तीनच्या सुमाराला म्हशी आपणहून घराकडे वळतात.
तेव्हा तुम्हीही वळा.
मग तो येतो. आधी पलीकडचा काठ जातो,
मग नदी,
मग माझी चिंच,
मग जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या.
तासाभराने सगळं उलट क्रमाने परत मिळतं,
एखादी कोंबडी सोडून.

जळवा आहेत. घरात नाहीत, धबधब्याच्या वाटेवर.
मीठ जवळ ठेवा.
पण तुम्ही चाळीस वर्षं कारखान्यात कॉड खारवलात,
मिठाचं मी तुम्हाला काय सांगणार.

भाडं निम्मं का, हेही विचारलंत.
गादीला वास येतो म्हणून.
उजव्या कोपऱ्यात छप्पर गळतं म्हणून.
तिथे मी पातेलं ठेवते.
टपटप सोसत नसेल तर आत फडकं टाका,
पाणी तेवढंच पडतं, नुसतं गप्प होतं.

रात्री छतातून कुणी खणखणीत ओरडलं
तर उठून बसू नका. पाल आहे, हातभर लांबीची.
किती वेळा ओरडते ते मोजा.
माझी आई नऊची वाट बघायची,
बहुतेकदा सहावर झोप लागायची तिला.

नदी त्या दिवसांत घट्ट दुधाच्या कॉफीसारखी असते.
पोहू नका. फोटोत ती कमी वेगाची दिसते.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत:
तेव्हा वर्षावास चालू असतो.
भिक्षू तीन महिने विहार सोडून कुठे मुक्कामाला जात नाहीत.
पाय घरात ठेवायचा काळ तो,
आणि तुम्ही नेमका तेव्हाच
आयुष्यात पहिल्यांदा बाहेर काढताय.
असू दे. कुणाचा मुहूर्त कधी, कुणाचा कधी.

आता नववा.
मास्तरांनी तो वाचलाच नाही.
खोडलाय म्हणाले, खोडलेलं वाचू नये.
मी म्हटलं, मास्तर, खोडलेलंच वाचावं.
कागद उलटा करून दिव्यासमोर धरला,
तेव्हा रेघांमागून अक्षरं आली:
एकसष्ट वर्षांची बाई एकटीच आली, तर विचित्र दिसेल का?

(मास्तर, हे जसंच्या तसं लिहा.)

जूनपासून सहा खोल्यांत मी एकटी असते.
मुलगा सीमेपलीकडे, बँकॉकात, बांधकामावर.
तो पैसे पाठवतो आणि विचारतो, जेवलीस ना.
चिकट भात एका माणसापुरता शिजत नाही, गुडनीबाई,
कितीही लहान टोपली घेतली तरी उरतो.
संध्याकाळी तो मी बदकांना घालते.
बदकं फार लठ्ठ झालीत.

तर या.
सत्तावीस तारखेला धक्क्यावर बुनलाय असेल,
निळी होडी, एका कानाने बहिरा,
डाव्या बाजूने हाक मारा.

चौथ्या प्रश्नाचं काय करू?
मास्तर म्हणतात, बुटांबद्दल असेल.
मला तसं वाटत नाही.
पण असलाच बुटांबद्दल, तर बूट आणू नका.
रबरी चपला आणा, दोन जोड.
एक पाय चिखलात राहतोच.

मालायवन