कोकडवा

डभोईजवळच्या शेतात रायसंगभाईंनी पान पुढे केलं,
म्हणाले, कोकडवा.
मी मनात म्हटलं, बोकड्या.
दोन्ही भाषांत पान तसंच आकसलेलं.

कडा वर वळल्या तर फुलकिडे,
खाली वळल्या तर कोळी,
हे तर पाठच.
कोऱ्या कागदावर शेंडा झटकला:
काहीच पडलं नाही.
भिंगाखाली शिरा सुजलेल्या,
पेरं इतकी जवळ जवळ
की झाड वाढायचं विसरून
जागच्या जागी पानं काढत बसलेलं.

शेजारच्या ओळीला ओढणी घासली
आणि पांढरी माशी उडाली,
चिमूटभर राख.

"दवा?"
मी दांडिया बाजारातून आणलेली पिशवी उघडली.
रिकामीच. रोपं भरायला.

पहिलं झाड त्यांनी स्वतः उपटलं.
त्याला एक मिरची होती, वाकडी.
ती खिशात टाकली.