नोंद

महालेखाकारांच्या कचेरीत सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका पकडत आले.
भिंडकडच्या पाटबंधाऱ्यात दोनदा जळालेलं एकच डिझेल,
मुरैन्याच्या शाळेत कधी न पोचलेल्या सतरंज्या.
हिरव्या शाईची बारीक खूण, समासात आक्षेप.
माझ्या टेबलावरून खोटी पावती सहसा सुटत नाही.

घरी एक वही आहे,
डॉक्टर भार्गवांनी लिहायला लावलेली:
काय खाल्लं, किती, केव्हा.
त्या वहीत गेले सात महिने
मी रोज रात्री अर्धी पोळी खाते.
वहीतली बाई इतकी मोजकं जेवते
की वाचून माझाच जीव तुटतो तिच्यासाठी.

ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेलं ती धरत नाही.
पातेल्याच्या कडेची साय धरत नाही.
कुशवाहबाबूंच्या मुलीच्या साखरपुड्याचे पेढे,
नाही म्हटलं तर वाईट दिसतं,
या सदराखाली माफ.

सकाळी हेमलता तोमर आणि मी किल्ला चढतो,
उरवाईच्या बाजूनं.
कड्यात कोरलेले तीर्थंकर उभे असतात,
हात सरळ खाली सोडलेले.
कुणी कधीकाळी चेहरे फोडले त्यांचे,
उभं राहण्यात काही फरक पडला नाही.
त्यांच्या घोट्यापाशी मी बुटाची नाडी बांधायला वाकते.
नाडी सुटलेली नसते.

उतरलो की बेडईवाला.
हेमलता नुसत्या भुवया उडवते,
मी म्हणते, आज चढलो ना.
दोन बेडई, वर बटाट्याची रस्सा भाजी,
खातं बंद, शिल्लक अंगावर.

पण हे सगळं वरवरचं.
खरं सांगायचं तर दोन किलो उतरले की मला भीती वाटते.
कचेरीत कुणी म्हणतं, मॅडम, बारीक झालात,
आणि त्याच संध्याकाळी माझे पाय
नया बाजाराकडे वळलेले असतात.
कपाटात एक मोरपिशी चंदेरी आहे,
डांबरगोळ्यांत, अकरा वर्षं,
बारीक झाल्यावर नेसायची.
तिच्या घडीत मी बरंच काही ठेवलंय:
पोहणं, ओरछ्याची सहल,
जाऊबाईंना एकदा द्यायचं उत्तर.
बारीक झाले
आणि तरीही उत्तर सुचलं नाही तर?

जानेवारीतली रात्र, साडेअकरा.
हाडं वाजावीत अशी इथली थंडी.
तांदळाच्या डब्यामागे गजकाचा पुडा.
लपवलेला मीच, सापडला मलाच.
अंधारात, श्वास धरून,
कागद वाजू नये म्हणून एकेक घडी हळू उलगडत होते
तेव्हा लक्षात आलं
की घरात कुणी नाही.
हे जबलपूरला, बदलीवर.
मुलगा पुण्यात.
शेजारची फाळके मंडळी लग्नाला गेलेली.
मग हा कागद
मी कुणाच्या कानांपासून वाचवतेय?

बराच वेळ तशीच उभी होते.
मग दिवा लावला.
ताटली घेतली, खुर्ची ओढली, फरशीवर कर्रकन वाजली, वाजू दिली.
पहिला तुकडा फार सुंदर होता, खोटं कशाला बोलू.
दुसरा, बरा.
तिसरा म्हणजे दातांत अडकलेला तीळ.
चौथा ताटलीतच राहिला.
मी काही मोठा निग्रह केला नाही,
तो नकोसाच झाला होता.

वही उघडली. लिहिलं:
गजक, तीन तुकडे, रात्री पावणेबारा, बसून.
आधीची पोळीही दुरुस्त केली. दोन.
सात महिन्यांत पहिल्यांदा
माझ्याच हस्ताक्षराची मला ओळख पटली.

सकाळी काटा तीनशे ग्रॅम वर.
काट्याला कसलं आलंय कौतुक.
किल्ला चढलो. तीर्थंकरांपाशी दम लागला,
नाडीला हात न लावता सरळ थांबले, दम खाल्ला.
खाली हेमलतानं भुवया उडवल्या.
म्हटलं, एक.
ती जरा नाराज झाली. होईल सवय. कदाचित मलाही.

चंदेरी त्याच आठवड्यात काढली.
ब्लाऊज दंडातून वर गेला नाही.
काळ्यावर नेसले.