दुखावलेली रेव

मिठबावला बर्फ कुठून आणणार?
म्हणून रेव.
भाऊ यंत्र डब्यात घालतो, डबा पिशवीत,
पिशवी हातभर खोल पुरून वरून पायाने सपाट करतो,
आणि सुरूच्या बनाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मला
लांबून ओरडतो, "गाडलंय मला! धाव!"

घड्याळ लावते. पंधरा मिनिटं.
इरफान सर फोनवर म्हणाले होते,
त्यानंतर बहुतेकदा नुसतं खणणंच उरतं.
"बहुतेकदा"नंतर ते जरा थांबले होते.

तारकर्लीत पाहुण्यांना पाण्याखाली नेते मी,
हवा मोजायची सवय आहे.
काटा पन्नासवर आला की अंगठा वर, सगळे वर.
हिमाखाली काटा नसतो.
तोंडापुढे ओंजळभर पोकळी, असली तर,
आणि तिच्या कडेला आपलाच श्वास गोठून
काच होत जाणारा.

चाळीस. छत्तीस. एकतीस.
बाण डावीकडे ओढतो, वाट वाकडी होत जाते,
सरळ कापत जायचा मोह आवरायचा.
नऊ. आता वाकायचं,
मूल झोपलंय का बघतो तसं
यंत्र रेवेलगत न्यायचं, हळू.
दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक चार. परत दोन.
म्हणजे मागे राहिला.
मग सळई, वीत वीत अंतराने,
शंखाच्या वळशासारखी बाहेर बाहेर जाणारी.
काही लागलं तर उपटायची नाही, तिथेच ठेवायची,
आणि खणायचं उताराच्या अंगाने, आडवं,
नाहीतर ज्याला काढायचं
त्याच्याच छातीवर उभे राहू.

एकोणीस मिनिटं.
मेलेला भाऊ ओंडक्यावर बसून शेंगदाणे खातोय.

"काय हरवला गो तुझा?"
तिसऱ्यांची टोपली घेऊन सतूकाकी.
सांगायला गेले: डोंगर, थर, वरचा थर सुटतो,
लाटेसारखा खाली येतो.
"लाट" तेवढी तिला पटली.
दुसऱ्या फेरीला यंत्राकडे तिने पाहिलंही नाही.
उतरत्या उन्हाकडे तोंड केलं, कमरेत वाकून चालली,
आणि पायाच्या अंगठ्याने दाखवलं,
"हयसर."
दोन मिनिटंही नाहीत.
"रेव दुखावली की दिसता. तू आकडे बघतंस."

खणता खणता माझ्या तळव्याला फोड आला,
तेव्हा तिने दादल्याचं सांगितलं.
एकदा, पाणी ताटासारखं असताना,
सगळ्या होड्या गेल्या आणि हा एकटा
पुळणीवरूनच घरी परतला.
का? तर आवाज बरोबर नव्हता पाण्याचा.
"मग वादळ आलं?"
"नाय गो. सगळे जाळी भरून इले."
वर्षभर हसले लोक त्याला. मीठ पण उधारीवर.
"दुसऱ्या येळाक पण तो तसोच परतलो."
त्या दुसऱ्या वेळेचं पुढे काही न बोलता
तिने टोपली डोक्यावर घेतली.
दोन तिसऱ्या खड्ड्यात पडल्या, पाणी भरत होतं.

माझ्या वहीत सगळं आहे:
तीस अंशांपुढचा उतार, रात्रीचा वारा,
खड्डा खणून थर बघणे,
फावड्यावर थापा, दहा मनगटातून, दहा कोपरातून,
दहा खांद्यातून, आणि कितव्या थापेला
पत्ते सरकावेत तसा थर सरकला.
शेवटच्या पानावर "परत फिरणे",
त्यापुढे रेघा मारलेली एक रिकामी चौकट.
जानेवारीत गुलमर्गला जाण्याआधी भरायची.
तिच्यात पेन्सिलीने लिहिलं,
सतूकाकीचा दादला.

रात्री सामान आवरताना दुसरं यंत्र सापडेना.
माझं लावलं.
बाण फडताळाकडे, मग दाराकडे.
सात. पाच पूर्णांक दोन.
माजघरात आई उठून बसली, "काय शोधतंस?"
तीन.
भाऊ पट्टा अंगावर तसाच बांधून झोपला होता,
दिवा छातीवर मिणमिणत,
सेकंदाला एकदा.
बॅटरी जपायला सरांनी बजावलंय.
बंद करायला हात पुढे नेला,
आणि जरा वेळ
एक पूर्णांक एक, एक पूर्णांक एक, बघत राहिले.