अकरावा नंबर

खैरगावच्या टूर्नामेंटात यंदा नवा नियम:
बॉलरच्या जागी दुसरा कोनी बॅटिंग करन.
तवापासून ठेल्यावर खर्रा कमी, भांडन जास्त.

"बराबरच हाये," दिवाकर ठवरे म्हन्ते,
"कुमऱ्याचा धनपाल बॅट धरते
तं वाटते नाली काढाले आला."

"मंग तुह्या भावाले बॉल टाकाले लाव ना बे!
ज्यानं दुसऱ्याच्या दांड्या उडवल्या
त्यानं सोताच्या राखू नाही काय?"
सोपानबुवा चष्मा पुसतेत,
एकोणऐंशीची ती मॅच काढतेत.
दरसाल तिच्यात दोन रन वाढतेत.

धनपाल तिथंच, सायकलीले टेकून,
नखानं बॉलची लव खरडत.
त्याले कोनी इचारलं नाही.

दिवस बुडताना जिनिंगमागच्या पडतात दिसला.
लहान बहीन बॉल टाके,
हा बॅट फिरवे. हवा. हवा. पुन्हा हवा.
मंग एक कडेले लागला,
थेट पऱ्हाटीत.
दोघं वाकून धुंडत होते,
हासू मातर लपत नव्हतं.

मी ठेल्यावर परत आलो.
"तू सांग बे, बॉलरनं खेळावं का नाही?"
तोंडात खर्रा होता.
थुकाले बाहेर गेलो, तं घरीच गेलो.